रूतबाईला पोचवायला

रूथविषयी कोणी विचारलं की मी म्हणते, ‘फार चांगली होती हो,’ आणि विषय बदलते. संस्थेतली जुनी माणसं भेटली की तिची आठवण निघतेच. कोणी तिच्या ढांगा टाकत चालण्याची नक्कल करतं, कोणी तिच्या झाडीबोलीची. सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. घरी आल्यावर मात्र जेवण गोड लागत नाही. आता पंचेचाळिशी उलटली, ते गाव सुटूनही बरीच वर्षं झाली, पण त्या बाईचा मत्सर माझ्या पोटातून गेलेला नाही. ‘चांगली होती’ हे काही खोटं नाही. ती चांगली होती म्हणूनच तर सगळा घोळ झाला.

मी मूळची मिरजेची. एका संस्थेच्या आरोग्याच्या कामासाठी राज्याच्या पूर्व टोकाच्या जंगलपट्ट्यात, पोंभुर्ण्याच्या आतल्या बोरटोला नावाच्या गावात येऊन राहिले होते. गाव म्हणजे एक जुना मोठा तलाव, त्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, आणि पलीकडे जंगलाच्या अंगाला गोंडांची थोडी घरं. रूथ आली तोवर मला तिथे सात वर्षं होत आली होती. गरोदर बाया, कुपोषित मुलं, हिवताप, पिण्याचं पाणी, सगळं मी पाहत होते. गावात मला मान होता. मी आले की बाया पदर सावरत, म्हातारे बाजेवरून पाय खाली घेत, आणि सगळे मला ‘मॅडम’ म्हणत. या हाकेत काही कमी आहे असं मला रूथ येईपर्यंत कधी वाटलं नव्हतं.

ती आली पोळा झाल्यावर, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. संस्थेकडे अधूनमधून परदेशी स्वयंसेवक यायचे. बहुतेक कोवळी मुलं-मुली, चार-सहा महिने राहायची, जुलाबाने हैराण व्हायची, फोटो काढून परत जायची. ही पन्नाशीची निघाली. स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा खेड्यातून आलेली, उंच, हाडापेराने मोठी, तांबूस केसांची. अंगात पुरुषी शर्ट आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. माझ्या खोलीत शिरताना तिचं कपाळ चौकटीवर आपटलं. तेव्हा ती जे काही म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. आमच्या संचालकांनी तिला विचारलं, “तुम्हाला काय काय येतं?” ती म्हणाली, “गाडी चालवता येते.” गावी ती शाळेची बस चालवायची. वीस वर्षं. संस्थेची एकुलती जीप तिच्या हातात द्यायची संचालकांची छाती होईना, म्हणून त्यांनी तिला माझ्या हाताखाली दिली.

तिला मराठी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मनापासून केलं. ‘मला भूक लागली आहे. मला पाणी हवे आहे. आपले नाव काय?’ रोज सकाळी तासभर. ती शहाण्या मुलीसारखी म्हणायची. दुपारी गावात जायची आणि संध्याकाळी येऊन म्हणायची, “मले भूक लागून राह्यली.” मी दुरुस्त करायची. ती मान डोलावायची. दुसऱ्या दिवशी आणखी बिघडून यायची. दोन महिन्यांत माझी सगळी व्याकरणं पुसून टाकून तिने पार्बताची बोली उचलली. पार्बता म्हणजे पाळीलगतच्या पहिल्याच घरातली मासे विकणारी बाई. काटक, काळी, तोंडाने फटकळ. गावातली अर्धी भांडणं तिने सुरू केलेली असायची आणि उरलेली तिने मिटवलेली.

रूथचं एक वाक्य सगळ्या गावाला पाठ झालं होतं. कोणाच्याही दारात ती वाकून डोकं आत घालायची आणि विचारायची, “काय हाये खायाले?”

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी शरमेने अर्धी झाले. आम्ही दोघी पार्बताच्या घरी तिच्या सुनेचं वजन करायला गेलो होतो. मी वजनकाटा लावतेय, तर ही चुलीपाशी जाऊन फतकल मारून बसलेली. “काय हाये खायाले?” पार्बताने हातातली फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, “आंबील हाये. पेतं का?” हिने वाडगं भरून आंबील प्यायली, मिशीसारखी ओठावर लागलेली बाहीने पुसली आणि वाडगं पुढे केलं. “अजून.”

परत येताना मी तिला इंग्रजीत चांगलं सुनावलं. ही गरीब माणसं आहेत. आपण त्यांच्याकडे द्यायला येतो, घ्यायला नाही. मी सात वर्षांत यांच्या घरचं चहाशिवाय काही घेतलेलं नाही, तोसुद्धा फार आग्रह झाला तर. माझं उकळलेलं पाणी माझ्या पिशवीत असतं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “पण मला भूक लागली होती.”

या बाईला काय सांगावं!

मग ते चालूच राहिलं. ती कोणाकडूनही काहीही मागायची. मीठ, कंगवा, सुतळी, मूठभर तांदूळ. उन्हाने भाजलेल्या मानेला लावायला मोहाच्या बियांचं तेल. कधी परत करायची, कधी विसरायची. मग बाया आमच्या क्वार्टरच्या दारात येऊन तिच्या नावाने शंख करत. “रूतबाई, मायी सुई कुठी हाये वो?” ती आतून ओरडायची, “गमली!” म्हणजे हरवली. “गमली कशी? थे का गाय हाये का, गमाले?” आणि दोघी खदखदा हसत. मी आत बसून हिवतापाच्या गोळ्यांची पाकिटं करत असायची. माझ्या दारात सुई मागायला कोणी कधी आलं नव्हतं. माझ्याकडे काही मागायचं असलं तर बाया पाळीवर बराच वेळ घुटमळत आणि मग एकीला पुढे ढकलत.

रूथच्या हाताला तर काही गुण नव्हता. मुलांची वजनं घ्यायला बसवली तर मुलांना खांद्यावर घेऊन तलावाकडे निघायची. माझ्या महिला सभेत भिंतीला टेकून घोरायची. आणि माझ्या आहाराच्या तक्त्यापेक्षा ते घोरणं बायांना जास्त आवडायचं. रोवण्याच्या वेळी ती चिखलात उतरली. भाताची रोपं इतकी वाकडी लावायची की तिच्या मागे दुसरी बाई उभी करावी लागे. पार्बता तिच्यासमोरच सांगायची, “रूतबाईनं एक वळ लावली का आमी दोघी जनी थे उपटतो न फिरून लावतो. लय काम करते बापा आमची बाई!” यातलं ‘आमची’ मला दिवसभर टोचलं. काम मी केलं होतं. माझ्या सात वर्षांत गावात बाळंतपणात एकही बाई दगावली नव्हती. पण ‘आमची’ झाली ती चिखलात पाय रुतवून उभी राहिलेली ही थोराड बाई.

सहा महिन्यांनी ती क्वार्टर सोडून पार्बताच्या सपरीत राहायला गेली. संचालकांना विचारलंसुद्धा नाही. सपरी म्हणजे घरापुढची पडवी. तिथे एक बाज टाकली, कोपऱ्यात तीन दगड मांडून स्वतःची चूल केली, आणि त्या चुलीवर ती असं काही शिजवायची की पार्बताचं कुत्रंही वास घेऊन लांब जाई. मी तिला सांगितलं, सुरक्षित नाही, विंचू आहेत, संस्थेची जबाबदारी आहे. खरं सांगायचं तर मला विंचवाची काळजी नव्हती. मला वाटत होतं, हे सुचायला मला सात वर्षं का लागली? आणि आता सुचून काय उपयोग? आता मी गेले असते तर तिची नक्कल झाली असती.

तिच्या आणि पार्बताच्या भांडणाचं सांगायलाच हवं. पार्बताची एक कोंबडी खुडूक व्हायला आली होती. तिने अंडी घालायला जागा निवडली ती रूथच्या उन्हाच्या टोपीत. रूथने ती अंडी एकेक करून उकडून खाल्ली. पार्बताला वाटत होतं की अंडी साठताहेत. तिने पिल्लांचे मनसुबे रचले होते. एक दिवस टोपी उचलून पाहिली तर टोपी रिकामी.

मग जे झालं ते सगळ्या गावाने पाळीवर बसून पाहिलं. पार्बता अंगणात उभी, कमरेवर हात. “लांबनाके! त्वा माये अंडे खाल्ले! जलमाची उपाशी, समुंदर पार करून माये अंडे खायाले आली का वो?” रूथ सपरीत उभी, तिचं डोकं वरच्या वाशाला लागलेलं. तिची मराठी दोन वाक्यांत संपली, “मायी टोपी! माये अंडे!” आणि मग तिने स्कॉटलंडच्या खेड्यातलं इंग्रजी सुरू केलं. मलाही त्यातलं निम्मं कळलं नाही, पण पार्बताला सगळं कळत होतं. तिच्याकडून प्रत्येक वाक्याला बरोबर उत्तर येत होतं. म्हातारे भिवाभाऊ तंबाखू मळत माझ्याशेजारी बसले होते. तलावाचं सगळं व्यवस्थापन त्यांच्याकडे असे. मी म्हटलं, “भाऊ, मिटवा ना हे.” ते म्हणाले, “काऊन मिटवाचं? भांडू द्या न. घरचं हाये.”

आठवडाभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. एकाच सपरीत, एकीची पाठ इकडे, एकीची तिकडे. सगळ्या गावाला करमणूक. मग एका दुपारी रूथने तिच्या दारात डोकं घातलं. “काय हाये खायाले?” पार्बता भाकरीवरची नजर न उचलता म्हणाली, “अंडे नाई.” झालं, मिटलं.

मी त्या दिवशी क्वार्टरमध्ये येऊन दार लावून घेतलं. माझ्याशी त्या गावात कोणी कधी भांडलं नव्हतं. माझी चूक झाली तरी सगळे म्हणत, “जाऊ द्या मॅडम, होते तसं.” एकदा मी चुकीचं औषध दिलं आणि एका मुलाचं अंग सुजलं. त्याची आई रात्रभर त्याला घेऊन बसली होती, पण सकाळी मला पाहून उठून उभी राहिली. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर! मी किती वेळा मनात तो प्रसंग बदलून पाहिला आहे. ती ओरडते, मी ओरडते, सगळं गाव बघतं, आणि भिवाभाऊ म्हणतात, घरचं हाये.

आता तलावाचा दिवस.

उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी गुडघ्याएवढं उतरलं की भिवाभाऊ दिवस ठरवत. त्या दिवशी सगळं गाव तलावात उतरे. पुरुष जाळी धरत, बाया काठ्यांनी पाणी झोडपत मासे एका अंगाला हाकत. दुपारपर्यंत मासळीचा ढीग पाळीवर पडे. मग गावात जितक्या चुली, तितके वाटे पळसाच्या पानांवर मांडायचे. वाटे सारखेच करायचे, फक्त मोठी मरळ असेल ती कापायची नाही. ज्याच्या वाट्यात गेली त्याची. वाटे मांडून झाले की एका माणसाने त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायचं. भिवाभाऊ काठीने एका वाट्याला टेकवून विचारत, “हा कोनाचा?” आणि पाठमोऱ्याने गावातल्या एका घराचं नाव घ्यायचं. त्याला दिसत नाही, म्हणून पक्षपात नाही, म्हणून तंटा नाही.

ते पाठमोरं उभं राहायचं काम गेली पाच-सहा वर्षं माझ्याकडे होतं. मला केवढा अभिमान! सुट्टीत मिरजेला गेले की सांगायची, अख्खं गाव माझ्या शब्दावर मासे वाटून घेतं. रूथ आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी नेहमीसारखी पाठ करून उभी राहिले. भिवाभाऊ मागून म्हणाले, “मॅडम, यंदा रूतबाईचा बी वाटा हाये. इसरू नोका.”

मी मान वळवून म्हटलं, “तिचा?”

“चूल हाये न तिची. पार्बताच्या सपरीत.”

मी हसत म्हटलं, अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “मग माझा कधी मांडणार, भाऊ?”

बाया हसल्या. भिवाभाऊही हसले. “तुमाले वाटा कायले पायजे जी? तुमाले मासोऱ्या पायजे तं सांगा न. पोचवून देतो घरी, साफ करून देतो.” मग समजूत घालावी तसं म्हणाले, “ज्याचा वाटा नसते न, तोच मानूस पाठ करून उभा राह्यते. त्याच्यावर कोनाचा शक येत नाई.”

माझ्यासमोर तलावाचा चिखल होता आणि त्यात बगळे फिरत होते. मी नावं घ्यायला लागले. एक एक घर घेतलं, पाळीवरचं, जंगलाकडचं. रूथचं नाव जिभेवर येत होतं आणि मी ते मागे ढकलत होते. तेवढंच माझ्या हातात होतं. सगळं गाव संपलं, आणि शेवटच्या वाट्याला काठी टेकवून भिवाभाऊंनी विचारलं, “हा कोनाचा?” आता दुसरं नाव उरलंच नव्हतं. “रूथचा,” मी म्हटलं.

मागे एकच कल्ला झाला. वळून पाहिलं तर वर्षातली सगळ्यात मोठी मरळ त्या वाट्यात होती. रूथ ती दोन्ही हातांनी छातीशी धरून चिखलात नाचत होती आणि पार्बता ओरडत होती, “पाय न नशीब बुढीचं! मॅडमनं बराबर नाव घेतलं!”

संध्याकाळी तिने त्या मरळीचं कालवण डब्यात घालून मला आणून दिलं. मी म्हटलं, मी जेवले. ती गेल्यावर डबा शेजारच्या कुत्र्यापुढे रिकामा केला. चांगलं झालं होतं की वाईट, मला माहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिची जायची वेळ आली. एक वर्षासाठी आलेली जवळजवळ दोन वर्षं राहिली होती; तिचा इथे राहायचा परवाना आता वाढणार नव्हता. तेंदूपत्त्याचे, म्हणजे बिडीची पानं तोडायचे, दिवस होते. गाव पहाटेच जंगलात जायचं, पानांचे भारे घेऊन ऊन चढल्यावर परतायचं आणि सावलीत बसून पुडे बांधायचं. आदल्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात मी तिचा निरोप समारंभ केला. शाल, नारळ, संचालकांचं भाषण. माझंही भाषण झालं, सगळ्यांना आवडलं. गावातून एक माणूस आला नाही.

समारंभानंतर आम्ही दोघी ओट्यावर बसलो. तिने नारळ मांडीवर धरला होता. म्हणाली, “वीस वर्षं बस चालवली. मुलं रोज उतरताना उड्या मारून पळायची. त्यांची आई दारात असायची ना. ते बरोबरच आहे. पण शेवटच्या दिवशी, मी नोकरी सोडली त्या दिवशी, मला वाटलं एखादं तरी मागे वळेल.” मग हसली. “इथे मला थोडं रडायला मिळेल असं वाटतं. पार्बता रडेल ना?”

“बघू,” मी म्हटलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला माहीत होती आणि तिला नव्हती. बोरटोल्यात आपल्या माणसाला पोचवायला कोणी जात नाही. पार्बताची लेक पहिल्यांदा सासरी परत निघाली तेव्हा मी तिथे होते. लेक सपरीच्या पायरीवर उभी, पार्बता मासे साफ करत बसलेली. तिने विळीवरची मान वर केली नाही. नुसतं म्हणाली, “येजो.” म्हणजे, ये परत. लेक गेली. मला ते फार कोरडं वाटलं, म्हणून मी विचारलं होतं. पार्बता म्हणाली, “उठून बाहेर कायले जायाचं? बाहीरवरी पोचवाचं थे पावन्याले. सायबाले. घरचं मानूस का जाते का? थे तं येतेच.” उठून दारापर्यंत गेलं, मागे उभं राहिलं, की ते माणूस पाहुणं झालं. म्हणून जागचं हलायचं नाही, हातातलं काम थांबवायचं नाही. ‘येजो’ एवढंच म्हणायचं.

त्या सकाळी रूथ घरोघर फिरली. जी थोडी माणसं घरी होती ती, म्हातारी, आजारी, बाळंतिणी, कोणी उठलं नाही. भिवाभाऊ जाळं विणत होते. म्हणाले, “येजो,” आणि पुढचा फास घातला. एका म्हातारीने तर तोंडही वळवलं नाही. पार्बताचं दार ओढलेलं होतं. ती पानांना गेलेली. पहिल्या घरातून बाहेर येताना रूथ बडबडत होती, चौथ्या-पाचव्या घरानंतर गप्प झाली. मी तिच्यामागून एक बॅग घेऊन चालत होते. तिची मान हळूहळू लाल होत गेलेली मला मागून दिसत होती. प्रत्येक घरी तिला जे मिळत होतं ते मला सगळ्या आयुष्यात मिळणार नव्हतं. आणि ती त्याला नकार समजत होती.

रस्त्यावर येऊन आम्ही बसची वाट पाहत उभ्या राहिलो. तिथून पाळीची लांबच लांब वाट दिसते. वाट रिकामी होती. रूथने घड्याळ पाहिलं. मग पुन्हा वाटेकडे.

“कोणी येणार नाही?” तिने विचारलं.

एका वाक्याचं काम होतं. इंग्रजीत सांगायचं, म्हणजे व्याकरणाचीही अडचण नव्हती. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ‘तू त्यांची आहेस, म्हणून येणार नाहीत.’ एवढंच.

मी म्हटलं, “पानांचा हंगाम आहे. सगळी जंगलात गेलीत.”

“हो,” ती म्हणाली. “हंगाम आहे.” तिने नाक पुसलं, बाहीने, नेहमीसारखं. “रोजी बुडवून कशाला येतील? बरोबरच आहे.”

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? वाईट वाटलं ते नंतर, आणि ते अजून वाटतंय. पण तिथे, त्या उन्हात, तिचं ते पडलेलं तोंड पाहून माझ्या पोटात थंड पाणी गेल्यासारखं झालं. निदान या एका सकाळी आम्ही दोघी सारख्या होतो.

बस आली. बॅगा चढवल्या. तिने मला मिठी मारली, माझं डोकं तिच्या खांद्याखाली गेलं, आणि ती म्हणाली, “तू आलीस. तू एकटी आलीस. मी विसरणार नाही.”

बस पाळीवरून निघाली. समोरून डोक्यावर पानांचा भारा घेऊन एक बाई येत होती. चालीवरून ओळखू आली, पार्बता होती. बस जवळ आली तशी ती वाटेच्या कडेला झाली, बस गेल्यावर पुन्हा वाटेवर आली. थांबली नाही. माझ्यापर्यंत पोचली तेव्हा घामाने निथळत होती.

“मॅडम?” ती चकित होऊन म्हणाली. “तुमी इथी काऊन उभे?”

“रूथला पोचवायला आले होते.”

“पोचवाले?” भाऱ्याखालून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम उतरला. “असं काऊन केलं वो? थे का पावनी होती?”

मी म्हटलं, बॅगा जड होत्या.

“मंग ठीक हाये,” ती म्हणाली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. दोन पावलं जाऊन म्हणाली, “पानी पडाच्या आंधी येते का नंतर, काई सांगून गेली का? सपरी शाकाराची हाये. थे आली तं झोपन कुठी?”

“नाही सांगितलं काही.”

“येते न,” पार्बता म्हणाली आणि चालू लागली.

रूथ आली नाही. का येईल? जिथून तिला कोणी पोचवायलाही आलं नाही अशा गावात ती कशाला परत येईल? पहिल्या पावसाळ्यात पार्बताने सपरी शाकारली. दुसऱ्यातही शाकारली. मला दोनदा विचारलं, “काई खबर?” मग विचारायची थांबली. मला तिकडे कळवता आलं असतं. पत्ता संस्थेत होता. दर वर्षी म्हणत राहिले, यंदा कळवू. मग मीच ते गाव सोडलं.

मी सोडलं तेव्हा सगळं गाव रस्त्यावर आलं होतं. डफडं होतं. भिवाभाऊ काठी टेकत आले, धुतलेलं लुगडं नेसून, मजुरी बुडवून पार्बता आली. तिने मला हार घातला, नारळ दिला, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत सगळे हात हलवत उभे होते. मी रडले. सगळ्यांना वाटलं, गाव सुटतंय म्हणून.

रूथचं शेवटचं दर्शन मात्र ती गेली त्याच सकाळचं, पाळीच्या त्या टोकाचं. पार्बता बाजूला झाली, बस पुढे गेली, आणि वळणाच्या थोडी आधी मागच्या खिडकीतून रूथ बाहेर आली. खांद्यापर्यंत बाहेर. तांबडे केस तोंडावर उडत होते, आतून कंडक्टर तिचा शर्ट धरून ओढत असावा. ती काहीतरी ओरडत होती, हात लांब केलेला होता. पार्बताने मागे पाहिलं नाही. ती पाहणार नव्हतीच. मग मीच हात वर केला आणि जोराजोरात हलवला. रूथ माझ्याकडे बघत नव्हती.